बरोबर शंभर

१

तुमच्यापैकी कुणीतरी सही केली होती.

रोज सकाळी वर्कशॉपचा जिना चढताना ठिणगी हे वाक्य मनातल्या मनात म्हणायची. नेमकं कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. इथे सही करायचा अधिकार असलेली पाच-सहा माणसं होऊन गेली होती. काही निवृत्त झाली, एक-दोन वारली, उरले मास्तर आणि मालक. ती दोघांकडेही सारख्याच जळत्या नजरेनं बघायची.

"आली बघा ठिणगी," खाली स्टोअरच्या खिडकीतून मावशी म्हणायच्या. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. "काडी कुणी लावली नाही, तरी धूर निघतोय."

तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एका चिठ्ठीची कार्बन कॉपी होती. 'तपासले. ठीक.' त्याखाली सही, म्हणजे नुसती एक वळवळती अळी. नाव नाही, आडनाव नाही. चार वर्षांपूर्वी एका कारखान्यात आग लागली, तेव्हा सूचना देण्याच्या यंत्रणेतला जो अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, त्याच्यासोबत गेलेल्या चिठ्ठीची ही कॉपी. माइकसमोर तिचे बाबा होते. शेजारचा ऑपरेटर पळाला आणि वाचला. साहेब शेवटपर्यंत एकच वाक्य बोलत होते, असं त्यानं शपथेवर सांगितलं. "उजव्या जिन्यानं खाली उतरा."

तिसऱ्या मजल्यावरचे चौघे उतरलेच नाहीत. पाचवा, एक वेल्डर, भाजला पण जगला. तो म्हणाला, "साहेबांचा आवाज अगदी स्वच्छ आला. आहात तिथेच थांबा म्हणाले. म्हणून थांबलो." चौकशी समितीनं वेल्डरचं म्हणणं उचललं आणि सगळं खापर बाबांवर फोडलं. बाबा उलट उत्तर द्यायला होते कुठे!

ठिणगीचा हिशेब सरळ होता. अ‍ॅम्प्लिफायरचा तो डबा तापला, आतला ट्रान्झिस्टर बहकला, आवाज घुसमटला आणि धुरात बिचाऱ्या वेल्डरला भलतंच ऐकू आलं. दोष बाबांचा नव्हता, डब्याचा होता. इंजिनीअर झाल्यावर बऱ्या पगाराच्या नोकऱ्या सोडून ती मुद्दाम इथे आली, जिथे तो डबा बनला होता.

आणि आता त्याच कारखान्यानं आठ नवे अ‍ॅम्प्लिफायर मागवले होते. तिसऱ्या मजल्यावर आता तिचा धाकटा भाऊ कामाला होता. बाबांच्या पश्चात त्याला तिथे नोकरी दिली होती.

२

मास्तरांची पद्धत बघून पहिल्याच आठवड्यात तिचं डोकं फिरलं.

ट्रान्झिस्टर एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच खोक्यातले असले तरी एक प्रवाह शंभर पट वाढवतो, दुसरा तीनशे पट. मास्तर प्रत्येक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये खोचायचे, एक डोळा मीटरवर ठेवायचे आणि त्याच्या गुणाप्रमाणे एकेक रेझिस्टर लावून बघायचे. आवाज शंभर पटीच्या आसपास वाढायला लागला, की चिठ्ठीवर आकडा लिहून डब्यात चिकटवायचे. तोही पुरता जमवत नसत. काटा जरा इकडेतिकडे ठेवून सोडून द्यायचे.

"मास्तर, हा शंभरावर येतोय की! अठ्ठ्याण्णववर का सोडलात?"

"असू दे."

"असू दे म्हणजे? आणि उद्या कुणी दुसरा ट्रान्झिस्टर बसवला तर? उन्हाळ्यात पॅनेल तापलं तर? सगळं गणित कोलमडणार!"

"पोरी, ट्रान्झिस्टर माणसासारखा असतो. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तो ओळखून घ्यावा लागतो."

"म्हणूनच त्याच्या स्वभावावर विसंबायचं नाही!" ती जवळजवळ ओरडली. "लोकांचे जीव त्यावर आहेत. तुमच्या बोटांना काय कळतं, त्यावर जीव टांगून ठेवायचे का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्या त्या चष्मा पुसण्यानं ती आणखीच भडकायची.

तिचं डिझाइन वेगळं होतं. ट्रान्झिस्टरच्या बेसचा, म्हणजे प्रवाह काबूत ठेवणाऱ्या पायाचा, व्होल्टेज दोन रेझिस्टरनी बांधून टाकायचा आणि खालच्या पायात आणखी एक रेझिस्टर घालायचा. प्रवाह वाढायला लागला की तो रेझिस्टरच त्याला मागे ओढतो. आवाज किती पट वाढवायचा तेही रेझिस्टर ठरवणार, ट्रान्झिस्टर नाही. एकामागे एक असे दोन टप्पे, प्रत्येकी दहा पट, मिळून शंभर. ती जिन्यात, चहाला, स्टोअरच्या खिडकीशी, जो भेटेल त्याला ऐकवायची, "कुठलाही ट्रान्झिस्टर बसवा, काही फरक पडणार नाही!"

"बरं बाई," मावशी म्हणायच्या, "पण न्यायचे तेवढे सही करून ने, आणि उरले तर परत आणून दे. माझ्या डब्यात एक जरी कमी पडला, तर फरक पडतो."

३

नव्या डिझाइनचा पहिला संच मीटरला लावला. शंभर.

तिनं टेबलावर मूठ आपटली. आनंदानं. दुसरा लावला. शंभर. तिसराही शंभर.

चौथ्याला तिच्या मनात काहीतरी टोचलं. तिनं वापरलेले रेझिस्टर साधे होते. छापलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्के कमी-जास्त भरणारे. कागदावर शंभर असलं तरी हातात सत्त्याण्णव यावं, एकशेतीन यावं. तेवढी सूट धरूनच तर डिझाइन केलं होतं. तरी आठही संचांत काटा एकाच रेघेवर येऊन बसला. जागेवर पाट मांडल्यासारखा.

'मीटर अडकला असेल.' तिनं मास्तरांच्या जुन्या संचाला लावून बघितलं. अठ्ठ्याण्णव. मीटर ठीक होता.

मग तिनं घरून केस वाळवायचा ड्रायर आणला. मालक दारातून डोकावले. "ब्यूटी पार्लर काढलंस का गं?" ती हसली नाही. ड्रायरचं तोंड ट्रान्झिस्टरवर धरून ती दहा मिनिटं उभी राहिली. सॉकेटचं प्लास्टिक तापून वास यायला लागला. चांगल्या डिझाइनमध्येही काटा केसभर हलतोच. इथे तो तेवढाही हलला नाही.

"झकास!" मालक म्हणाले. "शुक्रवारी पाठवून देऊ. चिठ्ठ्या तूच कर. डिझाइन तुझं, सही तुझी."

तिला खूश व्हायला हवं होतं. ती झालीही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना रोजचं वाक्य मनात म्हणायचं राहून गेलं.

४

आकडे झाले, आता कानांची परीक्षा. ती इथली जुनी रीत होती. एकानं टेस्टिंगच्या खोलीत माइकवर 'एक, दोन, तीन' म्हणायचं, दुसऱ्यानं दार लावून शेजारच्या खोलीत स्पीकरपाशी ऐकायचं. दार उघडं राहिलं तर आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते.

माइकवर मास्तर होते. ठिणगी शेजारच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या चळतीला टेकून.

"एक. दोन. तीन." मास्तरांचा खरखरीत, पानगळीसारखा आवाज. आणि जरा थांबून, "चार."

ती दार उघडून आली. "चार कशाला म्हणालात?"

"मी तीनवर थांबलो."

"मास्तर, चेष्टा करायची ही वेळ आहे का?"

"मी आयुष्यात चेष्टा केली नाही. घरी विचार."

जागा बदलल्या. तिनं मावशींना हाक मारून स्पीकरपाशी उभं केलं आणि स्वतः माइकवर बसली. "एक. दोन. तीन." मग ओठ मिटून, तळहात तोंडावर दाबून, मनात दहा आकडे मोजले. दार उघडलं.

"स्वच्छ आला," मावशी म्हणाल्या. "चारही."

ठिणगीनं रात्र वहीवर घालवली नाही. ती चिडली की तिला गाढ झोप लागायची. पण सकाळी बसमध्ये तिनं एकेक शक्यता खोडली. प्रतिध्वनी? प्रतिध्वनी 'तीन' परत म्हणेल, 'चार' कुठून आणेल? बाहेरचा रेडिओ? मास्तरांच्या आवाजात? आणि तिच्या आवाजात? मग मावशी खोटं बोलतात, मास्तर खोटं बोलतात, सगळे मिळून नव्या पोरीची जिरवतायत. हे कारण तिला आवडलं. यात निदान कुणावर तरी रागावता येत होतं.

५

गुरुवारी दुपारी सगळे डबे खायला खाली गेले. खोलीत ऊन होतं, पंखा होता, टेबलावर आठ संच ओळीनं मांडलेले. भुताटकीला शोभेल असं काहीच नव्हतं. तिनं पहिल्या संचाला हेडफोन जोडला, कानांवर चढवला आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली.

"चार," कानात तिचाच आवाज.

तिच्या हातांवर काटा आला आणि त्याच क्षणी तिला भयंकर राग आला. तिनं मुद्दाम अर्धवट बोलून बघितलं. "आमच्या मालकांचं टक्कल..."

"...उन्हात चमकतं."

ती हेच म्हणणार होती. अगदी हेच. म्हणजे तो डबा नुसता आवाज वाढवत नव्हता. पुढचं काय येणार ते त्याला ठाऊक होतं. ती कॉलेजात शिकली होती तशी वागणूक, स्थिर, अंदाज बांधता येईल अशी. फक्त अंदाज कुणी कुणाचा बांधायचा, हे उलटं झालं होतं.

खालून मावशींच्या हसण्याचा आवाज येत होता. तिनं माइक दोन्ही हातांत धरला. हे बोलू नये असं तिला वाटत होतं आणि म्हणूनच ती बोलली.

"उजव्या जिन्यानं खाली..."

थोडा वेळ कानात नुसता श्वास. तिचा नव्हे, कारण तिनं तो रोखून धरला होता.

"...उतरू नका. आहात तिथेच थांबा."

आवाज तिचाच होता. पण इतक्या शांतपणे ती जन्मात कधी बोलली नव्हती. असा आवाज की लहान मूलसुद्धा विश्वास ठेवेल.

हेडफोन तिनं फेकला तो भिंतीवर आपटला.

६

मास्तर जेवून वर आले तेव्हा ती त्यांच्या स्टुलावर बसली होती. तिनं पर्समधली चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर धरली.

"ही सही कुणाची?"

मास्तरांनी चष्मा काढला नाही, पुसला नाही.

"डबा मी लावला होता," ते म्हणाले. "सही मी केली नव्हती. करवली नाही माझ्यानं. चिठ्ठी कोरी ठेवून घरी गेलो. सकाळी बघतो तर डबा गेलेला, आणि कॉपीवर ही सही. मी मालकांना विचारलं, ते म्हणाले तुमचीच ना?"

"का करवली नाही?"

"त्या एकालाच बरोबर शंभर आला होता. अगदी बरोबर. मी खूश झालो, माइकवर आकडे म्हटले..." ते थांबले. "तेव्हापासून मी कुठलाच पुरता जमवत नाही. जरा बेसूर ठेवतो."

"आणि हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत!" तिचा आवाज फाटला. "माझ्या बाबांना खुनी ठरवलं लोकांनी! शेजारीपाजारी आईशी बोलेनासे झाले! आणि तुम्ही इथे बसून काटे अठ्ठ्याण्णववर ठेवताय?"

"काय सांगणार होतो? मीटरवर सगळं ठीक होतं."

"तुम्ही भित्रे आहात, मास्तर."

"आहे," ते म्हणाले. "तू नाहीस. तू बघ काय करता येतं ते."

७

मालकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. पेन टेबलावर वाजवत.

"दोष सांग. आकड्यात सांग."

"आकडे बरोबर आहेत. तोच दोष आहे."

"हे लिहून देऊ गिऱ्हाइकाला? माल उत्तम निघाला, सबब पाठवत नाही?"

"तो आपल्या मनचं बोलतो!"

"मग तुझ्यावरच गेलाय," मालक म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग सावरून, जरा मायेनं म्हणाले, "हे बघ, त्या कारखान्याचं नाव काढलं की तुझं काय होतं, ते मला कळतं. तू उद्या सुट्टी घे. सही मास्तर करतील."

"मास्तर करणार नाहीत. मीही करणार नाही."

"बरं, बघू."

या 'बघू'चा अर्थ तिला कळत होता. ती टेस्टिंगच्या खोलीत गेली, कडी लावली आणि आठही डब्यांची झाकणं उघडली. प्रत्येकात पुढच्या भागात दोन ट्रान्झिस्टर. एकेक चिमटीत धरून सॉकेटमधून उपटला. सोळा. तीन पायांचे, हरभऱ्याएवढे, निरुपद्रवी. त्यांच्याशिवाय हे डबे म्हणजे नुसते पत्रे. ना शंभर, ना एक. आता बसा वाट बघत, नवे मागवा, सोमवार उजाडेल, तोवर मी कारखान्याच्या दारात जाऊन बोंब मारते. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

सोळाच्या सोळा तिनं खाली मावशींच्या खिडकीत ओतले. मावशींनी बोटानं दोन-दोन सरकवत मोजले, वहीत लिहिलं, पत्र्याच्या डबीत टाकले आणि झाकण दाबलं.

"न वापरता परत?"

"न वापरता," ठिणगी म्हणाली.

८

शुक्रवारी ती सुट्टी न घेता आली, तर टेबल रिकामं होतं.

"सकाळी सातलाच टेम्पो गेला," मालक म्हणाले. "जायच्या आधी मी स्वतः मीटर लावला. आठही बरोबर शंभर. उगाच घाबरवलंस गं मला. आणि सही केलीस ते बरं केलंस."

"मी सही केलेली नाही."

"मग ही?"

त्यांनी कॉपी पुढे केली. 'तपासले. ठीक.' खाली एक वळवळती अळी. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि हातातलं सोल्डरिंग आयर्न जागेवर ठेवलं.

म्हणजे मालकांनी मावशींकडून ट्रान्झिस्टर काढून घेतले आणि रातोरात परत खोचले. सही त्यांचीच. तोंडावर साळसूदपणा! ती बोलायला तोंड उघडणार, इतक्यात तिचा मोबाइल वाजला. धाकटा होता.

"ताई! बसले गं तुझे डबे. काय आवाज आहे! इतके दिवस नुसती खरखर ऐकायचो. पण तू इथे आलीस आणि मला भेटली नाहीस, हे काय?"

"मी वर्कशॉपमध्ये आहे."

"जा गं! सगळ्या मजल्यांवर तुझाच आवाज येतोय. एक, दोन, तीन, चार. पोरं मला चिडवतायत, बहीण शाळामास्तरीण आहे का म्हणून."

"ऐक. तू कुठे आहेस?"

"तिसऱ्यावर. माझ्या जागेवर."

"हातातलं टाक आणि खाली उतर. आत्ता. उजव्या जिन्यानं."

"का? काय झालं?"

"का विचारू नकोस, गाढवा, उतर!" ती जिन्याकडे धावत सुटली होती, फोन कानाला घट्ट. पलीकडे त्याची पावलं ऐकू आली, लोखंडी जाळीवर, भराभर. तो उतरत होता. ती एका वेळी दोन-दोन पायऱ्या उतरत होती, तो तिकडे आणि ती इकडे.

मग तिकडची पावलं थांबली.

"ताई," तो म्हणाला. हसत होता, पण पूर्ण नाही. "आता तू स्पीकरवर म्हणतेयस की आहात तिथेच थांबा. फोनवर ओरडतेस, तिथे किती शांत बोलतेस. एकदा ठरव ना काय ते."

"ती मी नाही! ऐकतोयस ना? ती मी नाही!"

पलीकडे पाऊल वाजलं नाही. वरही नाही, खालीही नाही.

जिन्याच्या तळाशी स्टोअरची खिडकी होती. सगळा संताप, सगळी चार वर्षं तिनं त्या खिडकीवर काढली. "मावशी! दिलेतच ना त्यांना! मी परत केलेले ट्रान्झिस्टर मालकांच्या हातात दिलेतच ना!"

मावशींनी दचकून तिच्याकडे पाहिलं. मग खालच्या कप्प्यातून पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर खिडकीत ठेवली. सोळाच्या सोळा, तीन-तीन पाय वर करून पडलेले.

"मी कुठे दिले? कुणी मागायलाच आलं नाही," मावशी म्हणाल्या. "तूच म्हणायचीस ना, कुठलाही बसवला तरी चालतो? मला वाटलं, नाही बसवला तरी चालत असेल."